मदत हवी आहे: ओआरएसच्या पोस्टमधले इमोजी लोक भलतेच वाचताहेत

हिरवी_पाटी:
जुलाब झालेल्या मुलाला ओआरएस कसं द्यायचं, यावर व्हॉट्सअ‍ॅपसाठी एक चित्र आणि खाली चार ओळी असं करतोय. पहिली ओळ:
💧💧💧💧💧 + 📦 = 👶😊
पाच थेंब म्हणजे पाच पेले, म्हणजे लिटरभर पाणी, असं धरलं होतं. दाखवून पाहिलं तर कुणाला खरोखरच पाच थेंब वाटले, कुणाला पुडी पाच वेळा द्यायची वाटली. शेवटची ओळ: 🩸 = दवाखाना. इमोजी बदलू की काढूनच टाकू? शिवाय चित्रात उजळ पिवळ्यावर पांढरी अक्षरं आहेत, ती नीट वाचता येत नाहीत.

कोरा_कागद:
सगळे काढू नका, पण प्रमाण सांगायचं काम त्यांच्याकडे देऊ नका. एकाच इमोजीची रांग लावली की माणूस ती मोजतोच. गोळीचा इमोजी शोभेला दोनदा टाकलात तरी 'दोन गोळ्या' असाच अर्थ लागेल.

माप आकड्यात लिहा, पेल्यात नको; घराघरातला पेला वेगळा. आणि सरसकट 'एक लिटर'ही नको. लिटरच्या पुड्या मिळतात तशा २०० मिलीच्याही मिळतात. छोटी पुडी लिटरभर पाण्यात घातली तर द्रावण पातळ होऊन क्षार अपुरे पडतात. मोठी पुडी पेलाभर पाण्यात घातली तर ते फार खारट होतं, आणि ती चूक जास्त घातक. म्हणून 'पुडीवर लिहिलंय तेवढंच पाणी' हे शब्द हवेतच.

हसरं बाळ आधी काढा. ओआरएसने जुलाब थांबत नाहीत, अंगातलं पाणी भरून निघतं. '= 😊' पाहून लगेच गुण येईल असं वाटतं, आणि जुलाब चालूच दिसले की घरचे ओआरएस बंद करतात.

तिरपी_मात्रा:
रक्ताचा थेंब २०१९ च्या युनिकोड १२ (फोनवरची अक्षरं-इमोजी ठरवणारी यादी) मधला आहे. जुन्या फोनवर त्या जागी रिकामा चौकोन दिसतो, म्हणजे धोक्याची खूणच गायब. दिसला तरी 'रक्त तपासून घ्या' असं वाचता येतं. सरळ लिहा: 'शौचात रक्त दिसलं तर लगेच दवाखान्यात न्या.' इमोजी एकच, तोही ओळीच्या शेवटी; स्क्रीन रीडर (दिसत नसलेल्यांना पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं ॲप) प्रत्येकाचं नाव वाचतो, तुमची पहिली ओळ पाच वेळा 'थेंब' म्हणेल.

रंग: अक्षरं आणि पार्श्वभूमी यांचं कॉन्ट्रास्ट गुणोत्तर (उजळ-गडद फरकाचं माप) किमान ४.५:१ हवं, मोठ्या ठळक अक्षरांना ३:१ चालतं. उजळ पिवळ्यावर पांढरं २ लाही पोचत नाही. पांढऱ्यावर गडद निळं घ्या. निळ्यावर लाल नको. व्हॉट्सअ‍ॅप चित्राची फाइल लहान करतं आणि अशा रंगांच्या कडा फिसकटतात.

१०८० पिक्सेल रुंद चित्रात अक्षर ४८ पिक्सेलच्या खाली नेऊ नका, फोनवर ते साधारण तिसऱ्या हिश्श्याचं दिसतं. ओळींतलं अंतर दीडपट ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या वेलांट्यांना भिडतात. अक्षरांमधलं अंतर मात्र शून्यच. वाढवलं की शिरोरेषा तुटते.

हिरवी_पाटी:
बदललं. आता असं आहे:
'१ पुडी, पुडीवर लिहिलंय तेवढंच स्वच्छ पाणी. २४ तासांत संपवा, उरलेलं फेकून द्या. 🕛'

कोरा_कागद:
मजकूर बरोबर. घड्याळ काढा, त्यात बारा वाजलेत. लोक बारा वाजायची वाट बघतील.