मोठा लेगो रोबॉट मॉक (स्वतःच्या डिझाइनचं मॉडेल): कंबर आणि घोटे वजन पेलत नाहीत, आधी सांगाडा की आधी रूप?

लोखंडी_पाऊल
नमस्कार मंडळी, इथले सगळ्यांचे रोबॉट बरेच दिवस बघतोय, आता माझाच एक अडकलाय म्हणून विचारतो. लेगोमध्ये स्वतःच्या डिझाइनचा सायफाय रोबॉट बांधतोय, कुठल्या सेटवरून नाही, पूर्ण डोक्यातला. कल्पना अशी की हा लघुग्रहावर खाणकाम करणारा रोबॉट आहे, उजव्या हाताला मोठं ड्रिल, डाव्या हाताला पकड, पाठीवर इंधनाच्या दोन टाक्या आणि छातीत पायलट. उंची साधारण 35 सेमी. छाती, खांदे, डोकं मनासारखं जमलंय पण गडी उभाच राहत नाही. म्हणजे उभा केला की थोडा वेळ ठीक, मग पाय हळूहळू फाकायला लागतात, ड्रिलचा हात आपोआप खाली येतो आणि शेवटी पुढे झुकून पडतो. कंबरेत दोन्ही बाजूंना लेगोच्या बायोनिकल मालिकेतले मोठे बॉल जॉइंट (गोळा खोबणीत फिरतो तसले सांधे) आहेत, एकेकच, घोट्यातही तेच.

दुसरी अडचण मांडीच्या बाजूची. बाहेरून स्टड (ब्रिकवरचे गोल उंचवटे) दिसायला नकोत, सपाट चिलखत हवंय, म्हणून बाजूला स्टड असलेल्या ब्रिक वापरून त्यावर एक प्लेट (पातळ ब्रिक) आणि एक टाइल (वर स्टड नसलेली प्लेट) आडवी बसवली, पण शेजारच्या भिंतीशी काही केल्या लेव्हल होत नाही, बारीकशी पायरी राहतेच, प्लेटच्या निम्मी असेल.

तर कंबरेला कुठला सांधा घ्यावा, पायरी कशी घालवायची, आणि मुळात तुम्ही लोक सुरुवात सांध्यांपासून करता की दिसण्यापासून? पाय परत उकलायची तयारी आहे, वरचं धड शक्यतो ठेवायचंय.

गियरबॉक्स
माझं ठाम मत आहे की या आकाराला सांगाडा आधी. 12-15 सेमीच्या रोबॉटला बॉल जॉइंट मस्त चालतात, लेगोच्या मिक्सेल्स मालिकेबरोबर 2014 ला छोटे बॉल जॉइंट आले तेव्हापासून तर छोट्या रोबॉटचं काम फारच सोपं झालं, पण तेच डिझाइन मोठं केलं की गणित बदलतं. रोबॉट सगळ्या बाजूंनी दुप्पट केला तर भरीव असल्यास वजन आठपट होतं, आणि हाताची लांबीही दुप्पट झालेली असते, म्हणजे खांद्यावर येणारा पीळ सोळापट. आतून पोकळ ठेवला तरी साधारण आठपट येतोच. सांधा मात्र तोच, त्याची पकड तेवढीच. म्हणून हात आपोआप खाली येतोय, त्यात तुझ्या बांधणीचा दोष नाही, बॉल जॉइंट फक्त घर्षणावर उभा असतो आणि घर्षणाला मर्यादा आहे.

कंबरेला पहिली गोष्ट म्हणजे बॉल काढून टाक. आधी ठरव की या रोबॉटला पाय कुठल्या दिशेला हलवायची खरंच गरज आहे. खाणीतला जड रोबॉट आहे, तो नाचणार नाही, पाय पुढे-मागे झाला तरी पुरे. बाजूला फाकायची सोयच ठेवली नाही तर फाकणारच नाही! पुढे-मागे हलायला दातेरी क्लिक जॉइंट घे, तो खाचेत बसतो त्यामुळे नुसत्या वजनाने सहज घसरत नाही. क्लिक हिंजमध्ये एका खाचेला 22.5 अंश मिळतात, म्हणजे मधली पोझ मिळत नाही, पण उभं राहायला चालून जातं. एका सांध्याला एक न लावता मांडीच्या आत आणि बाहेर असे दोन लाव, मधे मांडी. एकाच बाजूने धरलेला सांधा नेहमी वाकतो.

मधल्या पोझ हव्याच असतील तर वर्म गियर (स्क्रूसारखे आटे असलेला). वर्मचा एक फेरा म्हणजे समोरच्या गियरचा एकच दात, म्हणजे 24 दातांचा गियर लावला की 24:1. आणि खरी मजा म्हणजे पाय कितीही दाबला तरी उलटा फिरत नाही, गियर वर्मला ढकलूच शकत नाही. मी मोठ्या रोबॉटच्या कंबरेला दुसरं काही लावतच नाही.

धडाच्या मजबुतीचं पण बघून घे. नुसत्या ब्रिकवर ब्रिक रचलेलं कंबरेपाशी उकलतं कारण तिथे ओढ खालच्या दिशेने असते आणि स्टडची पकड एवढीच. एक टेक्निक ब्रिक (बाजूला भोकं असलेली), वर दोन प्लेटा, त्यावर परत टेक्निक ब्रिक असं रच. ब्रिक 9.6 मिमी, दोन प्लेटा 6.4 मिमी, बेरीज बरोबर 16, म्हणजे दोन भोकांतलं अंतर नेमकं दोन स्टड. आता बाहेरून तीन भोकांचा लिफ्टआर्म (भोकांची पट्टी) उभा धरून वरच्या आणि खालच्या भोकात पिन ठोक. हा थर आता ओढून निघत नाही, तुटेल पण सुटणार नाही. कंबरेच्या चारही कोपऱ्यांना हे कर.

स्टडवाला
वरच्याला जोडून छोटंसं, पिना तपासा. काळी पिन घर्षणाची आणि फिकी राखाडी मोकळी फिरणारी, दिसायला जवळपास सारख्या, घाईत राखाडी बसते आणि मग सांधा ढिला का म्हणून आपण दुसरीकडेच शोधत बसतो. निळी तीन लांबीची पण घर्षणवाली आहे. अॅक्सल-पिनमध्ये (एक टोक अॅक्सल म्हणजे दांडा, दुसरं पिन) निळी घट्ट, तपकिरीसर वाळूच्या रंगाची मोकळी.

आणि पायरीचं उत्तर मला माहितीये. एक स्टड रुंदी म्हणजे 8 मिमी आणि प्लेट 3.2, म्हणजे एका स्टडमध्ये अडीच प्लेटा मावतात. तुम्ही एक प्लेट एक टाइल लावली, झाले 6.4, राहिले 1.6, तीच तुमची पायरी. बाजूला स्टड असलेल्या ब्रिकऐवजी तिथे ब्रॅकेट (काटकोनात वळलेली प्लेट) वापरा, ब्रॅकेटची उभी बाजू नेमकी अर्ध्या प्लेटची म्हणजे 1.6 असते. ब्रॅकेट अधिक प्लेट अधिक टाइल, बरोबर 8, शेजारच्या भिंतीशी सपाट. पॅनेलची उंची जुळवताना दुसरा हिशोब लक्षात ठेवा, पाच प्लेटा बरोबर दोन स्टड, दोन्ही 16 मिमी. आडवं-उभं जिथे मिसळायचं तिथे पाचच्या पटीत गेलात की फट राहत नाही.

राखाडी_प्लेट
सांध्यांचं वरती छान सांगितलंय, पण आधी सांगाडा हे मला पटत नाही. आधी सांगाडा केला की रोबॉट सांगाड्यासारखा दिसतो, सगळे हातपाय सारख्या जाडीचे, कारण लिफ्टआर्मच्या भोवती जेवढं गुंडाळता येतं तेवढंच गुंडाळलं जातं. मी आधी त्याच रोबॉटचं 7-8 सेमीचं छोटं मॉडेल बनवते, मोजक्या पीसमध्ये, सांधे नाहीत, काही नाही, फक्त ठेवण. खांदे किती रुंद, कंबर किती बारीक, पाय कुठे जाड होतात, डोकं केवढं. ते टेबलावर ठेवून लांबून बघते, फोटो काढून तो पूर्ण काळा करून बघते. काळ्या आकारातून जर ड्रिल, टाक्या, पकड ओळखू येत असेल तर डिझाइन जमलं. मग त्या मापाने सांगाडा. म्हणजे सांगाडा आकाराच्या आत बसवायचा, आकार सांगाड्यावर नाही चढवायचा.

तुमच्या रोबॉटबद्दल. मोठा वाटायला हवा असेल तर डोकं लहान करा, अजून लहान, छातीत खांद्यांच्या रेषेखाली थोडं दाबून बसवा. पायलट मिनिफिगर असणार ना, ती साधारण 4 सेमी, म्हणजे 35 सेमीचा रोबॉट तिच्या जवळपास नऊपट, ते प्रमाण तपशिलातून दिसलं पाहिजे. पायलटला चढायला शिडी कुठे आहे, पकडायला दांडा कुठे, दुरुस्तीला उघडायची झाकणं कुठे? क्लिप आणि बार वापरून दोन-तीन ठिकाणी हे दाखवलं की माप आपोआप कळतं. जाळीच्या टाइल, छोट्या गोल टाइल, नळ्या हे सगळं सगळीकडे पेरू नका, हे मनापासून सांगते कारण चांगले मोठे रोबॉट यातच वाया जातात. सपाट मोठं चिलखत आणि त्याच्या फटीत, सांध्यात, पाठीत दाटीवाटीचे तपशील, असं केलं की नजर बरोबर तिथे जाते. 2014 ला लेगो आयडियाजमध्ये (चाहत्यांच्या डिझाइनवरून निघणारे सेट) पीटर रीडच्या डिझाइनवरून निघालेला एक्झो सूट आहे ना, तो काढून बघा, बहुतेक राखाडी आणि थोडासाच हिरवा आहे, तरी एक क्षण कंटाळवाणा वाटत नाही, आणि यंत्राच्या मधोमध बसलेला माणूस लगेच दिसतो.

रंग तीनच ठेवा. खाणीतला आहे तर पिवळा-काळा पट्टा फक्त हलणाऱ्या भागांवर, जिथे माणसाचा हात अडकू शकतो तिथे. खऱ्या यंत्रांवर तसंच असतं म्हणून खरं वाटतं.

लोखंडी_पाऊल
अरे वा, एवढं सगळं! 1.6 मिमीचा हिशोब वाचून लगेच एका मांडीवर ब्रॅकेट लावून बघितलं, पायरी गेली, हात फिरवला तरी जाणवत नाही. स्टडवाला, मनापासून आभार.

राखाडी_प्लेट, छोटं मॉडेल करून बघतोच, डोकं मोठंच आहे माझ्या रोबॉटचं हे आत्ता दिसायला लागलं. गियरबॉक्स, दोन प्रश्न. वर्म गियर कंबरेत घातला तर फिरवायचा कुठून, आणि पुढे झुकण्याचं काय? ड्रिल लहान करायचं नाहीये, त्या ड्रिलसाठीच तर सगळा खटाटोप.

अवकाश_निळा
मधे एक गोष्ट घालतो. पाय परत बांधायच्या आधी स्टुडिओ या लेगो डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये काढून घे, फुकट आहे, कुठला पीस कुठल्या रंगात खरंच निघालाय ते पण कळतं, नाहीतर स्क्रीनवर गडद हिरव्या रंगात सुंदर मांडी बनवायची आणि तो ब्रॅकेट त्या रंगात आलेलाच नाही असं होतं. जुन्या लोकांना एलड्रॉ हे तसलंच सॉफ्टवेअर आठवत असेल, जेम्स जेसिमनने 1995 ला सुरू केलेलं, आजही त्याची पार्ट्सची लायब्ररी लोक वाढवताहेत आणि अनेक सॉफ्टवेअर त्याच फॉरमॅटवर चालतात. त्यात एक स्टड म्हणजे 20 एकक, प्लेट 8, ब्रिक 24, त्यामुळे वरचा अर्ध्या प्लेटचा हिशोब पूर्णांकात करता येतो, अर्धी प्लेट म्हणजे 4.

फक्त सांधे स्क्रीनवर पक्के करू नका. तिथे सांधा जिथे ठेवला तिथे राहतो, त्याला वजन लागतच नाही. मी कंबर आणि खांदा नेहमी हातात बांधतो, मिळेल त्या रंगात, आणि हाताच्या टोकाला ड्रिलच्या वजनाएवढ्या ब्रिक लटकवून रात्रभर ठेवतो, सकाळी जिथल्या तिथे असेल तर पास. चिलखत मग आरामात सॉफ्टवेअरमध्ये.

गियरबॉक्स
रात्रभर लटकवायची टेस्ट एकदम बरोबर, तीच करा.

राखाडी_प्लेटचं छोट्या मॉडेलचं मान्य, त्याला मी सांगाड्याच्या आधीची पायरी म्हणेन, भांडण नाही. फक्त छोटं मॉडेल करतानाच सांधे कुठे येणार ते ठरवून टाक, आणि खांद्याचा सांधा छातीच्या बाहेर न ठेवता आत घे. दोन स्टड आत घेतला तरी खूप फरक पडतो.

आता झुकण्याचं. रोबॉटच्या गुरुत्वमध्यातून सरळ खाली रेघ टाकली तर ती दोन पावलांनी व्यापलेल्या जागेत पडली पाहिजे, बस. ड्रिल पुढे आहे म्हणून रेघ बोटांच्या पुढे जातेय. तुझ्या डिझाइनमध्ये उपाय आधीच आहे, पाठीवरच्या टाक्या! त्या आतून पोकळ असतील तर भर. 2x4 ब्रिक साधारण 2.3 ग्रॅमची, प्रत्येक टाकीत वीस-वीस भरल्या तर मागे 90 ग्रॅमच्या वर जातात, आणि टाकी पाठीपासून जितकी लांब तितका त्यांचा उपयोग जास्त. ड्रिल आतून पोकळ कर, बाहेरचं रूप तसंच राहू दे. पावलाची बोटं पुढे दोन-तीन स्टड लांबव आणि टाच पण थोडी काढ, कारण ड्रिल वर उचलल्यावर गुरुत्वमध्य मागे सरकतो, तेव्हा मागे पडायला नको. घोट्यात बॉल ठेवायचाच असेल तर एका पावलाला दोन शेजारी-शेजारी लाव, मग आडवा झुकत नाही आणि पुढे-मागे कोन मिळतो.

वर्म फिरवायला मी अॅक्सल सरळ मागे काढतो. मांडीचा 24चा गियर कंबरेच्या आडव्या अॅक्सलवर, त्याच्या वर वर्म, आणि वर्मचा अॅक्सल पाठीतून बाहेर, टोकाला एखादा छोटा गियर बोटाने फिरवायला. तुझ्याकडे टाक्या आहेत तर तो गियर टाक्यांच्या खाली झाकणासारखा दिसेल, खाणीच्या यंत्राला शोभतो. वर्मला पुढे-मागे सरकायला जागा ठेवू नकोस, दोन्ही बाजूंनी बुश (अॅक्सलवर बसणारं छोटं कडं) किंवा ब्रिकची भिंत घट्ट हवी, नाहीतर वर्म अॅक्सलवर सरकतो आणि पाय लटपटतो. आणि आडवा अॅक्सल लांब ठेवू नकोस, लांब अॅक्सल पिळतो, दोन्ही पायांना वेगळे अॅक्सल आणि वेगळे वर्म घे.

लोखंडी_पाऊल
दोन वेगळे वर्म, पाठीत दोन फिरक्या, टाक्यांच्या खाली बरोबर दोन जागा रिकाम्या आहेत. आधी छोटं मॉडेल, मग कंबर राखाडी-लाल-जे-हाताला-येईल त्या ब्रिकमध्ये, आणि ड्रिलच्या हाताला ब्रिक लटकवून रात्रभर. टाक्या भरायला 2x4 भरपूर आहेत. एकच विचारायचं राहिलं, पायलटसाठी छातीत आत किती जागा धरू? सध्या तीन स्टड आहे आणि मिनिफिगरचे हात भिंतीला घासतात.

राखाडी_प्लेट
चार स्टड धरा. तीनमध्ये ती बसते पण हात हलवता येत नाहीत, चारमध्ये दोन्ही बाजूंना लिव्हर पण मावतात. छाती बाहेरून रुंद करायची नसेल तर आतल्या भिंती ब्रिकच्या न ठेवता पॅनेल पीसच्या करा, त्यांची भिंत पातळ असते.