शनिवारच्या सिनेमावरून ग्रुपवर पेटलेली चर्चा

नीता, सी-२०३: काल गच्चीवर ‘इन डार्कनेस’ बघायला आलेल्या सगळ्यांचे आभार. दुसऱ्या महायुद्धात गटारात लपलेल्या ज्यूंची गोष्ट, जवळजवळ अडीच तासांचा पोलिश सिनेमा, निम्मा वेळ पडद्यावर अंधार, तरी मध्येच फारसं कुणी उठलं नाही. सतरंज्या ज्यांनी नेल्या त्यांनी क्लबहाउसमध्ये आणून ठेवा 🙏

प्रसाद, बी-५०१: सिनेमा जबरदस्त. पण त्यांना लपवणाऱ्या त्या सोखाला देवमाणूस म्हणायला माझं मन तयार नाही. गटारात लपलेल्यांकडून रोजचे पैसे मोजून घेत होता. वर ‘एवढ्यांनाच ठेवीन, बाकीच्यांचं तुम्ही बघा.’ याला वाचवणं म्हणायचं की भाडं वसूल करणं?

सावंत (सेक्रेटरी): बी विंगची मोटर दुरुस्त झाली आहे. रात्री ८ ते ९ पाणी येईल. चर्चा चालू द्या.

शैला काकू, ए-१०२: मी आले नव्हते, गुडघे जिने चढू देत नाहीत. कुणीतरी थोडक्यात सांगा गं, काय आहे?

ऋचा, ए-४०४: सांगते काकू. ल्वूव नावाचं शहर. तेव्हा पोलंडचं, आता युक्रेनमधलं ल्वीव. युद्धाआधी तिथे लाखाहून जास्त ज्यू राहायचे. १९४३ च्या जूनमध्ये जर्मनांनी तिथली ज्यूंची वस्ती संपवायला घेतली, तेव्हा काही कुटुंबं जमिनीखालच्या गटारात उतरली. तिथे त्यांना सापडला लिओपोल्ड सोखा. पालिकेचा गटार कामगार आणि पूर्वीचा भुरटा चोर. चोरीचा माल लपवायलाही त्याला गटारच उपयोगी पडायचं! पकडून दिलं असतं तर जर्मनांकडून बक्षीस, लपवलं तर मृत्युदंड. त्याने आणि त्याच्या दोन सोबत्यांनी लपवलं. आधी पैसे घेऊन, हे खरं. १४ महिन्यांनी, १९४४ च्या जुलैत रशियन सैन्य आलं तेव्हा १० जण जिवंत वर आले. त्यात दोन लहान मुलं होती.

शैला काकू, ए-१०२: चौदा महिने?? गटारात??

ऋचा, ए-४०४: हो. त्यातली मुलगी क्रिस्तिना खिगेर. तिने म्हातारपणी आठवणी लिहिल्या. आजीने विणलेला हिरवा स्वेटर ती खाली घालायची, तो आता वॉशिंग्टनच्या होलोकॉस्ट (नाझींनी केलेला ज्यूंचा संहार) म्युझियममध्ये आहे.

देशपांडे काका, सी-६०१: माझी नोकरी मलनिःसारण खात्यात झाली, म्हणून बोलतो. जरा लांबेल.
प्रसाद, तू पैशांवर अडलास. मी काल वेगळंच बघत होतो. क्रिस्तिनाचा बाप खिगेर शिकलेला, पैसेवाला माणूस. पण खाली उतरल्यावर त्याचं शिक्षण कुचकामी. मेन लाइन कुठे वळते, कोरडी जागा कुठे आहे, पाऊस आला की पाणी आधी कुठे चढतं, हे ज्याला पाठ आहे त्याच्याच हातात सगळ्यांचा जीव. ऑफिसातला नकाशा आणि प्रत्यक्ष लाइन यांचा कधीच मेळ नसतो, हे आमच्या खात्यातल्या शिपायालाही माहीत असायचं. खरा नकाशा चेंबरमध्ये उतरणाऱ्याच्या डोक्यात.
त्या शहराची पोल्त्वा नदीच वरून झाकून टाकलेली आहे. सांडपाणी, पावसाचं पाणी, सगळं तिच्यात. मोठ्या बोगद्यातून पाणी वाहतं राहिलं की थोडी हवा खेळते, त्यामुळे माणूस तग धरू शकतो. बंद चेंबरमधला गाळ ढवळला तर गॅसने दोन मिनिटांत खेळ खलास. पण पाणी वाहतं असलं की दुसरं संकट: वर ढगफुटी झाली की खाली कुणी सांगायला येत नाही. सिनेमात पाणी चढतं तो प्रसंग रंगवलेला नाही, तसं खरंच झालं होतं. मुलांना डोक्यावर उचलून धरावं लागलं.

शैला काकू, ए-१०२: बाई गं.

देशपांडे काका, सी-६०१: अजून एक. गटारातून वर आलेल्या माणसाची पिशवी कोण उघडून बघतो? आमची माणसं काम संपवून चहाच्या टपरीवर गेली की लोक बाजूला सरकायचे. सोखाला हीच गोष्ट कामी आली असणार. त्याच्या अंगाच्या वासाने त्याला जर्मनांपासून जेवढं वाचवलं, तेवढं कुठल्या बनावट कागदाने वाचवलं नसतं. आणि चोर असल्यामुळे खोटं बोलताना त्याचा चेहरा हलत नसे. सभ्य माणसाला हे जमलं असतं का, मला शंका आहे.

मीनल, बी-२०४: मला वेगळाच प्रश्न पडला होता. दहा-अकरा माणसांचा पाव रोज आणायचा कुठून? युद्धातलं रेशन! एकाच दुकानातून घेतला तर दुकानदार विचारणार, घरी पाहुणे आलेत का. म्हणजे बायकोला सामील करून घेतल्याशिवाय गत्यंतर नाही. सिनेमात ती आधी किती भांडते, आणि तिचं चूक काय? घरात लहान मुलगी आहे, पकडले गेले तर सगळेच जाणार.

ऋचा, ए-४०४: तिचाही सन्मान झालाय. इस्रायलच्या याद वाशेम या होलोकॉस्ट स्मारक संस्थेने १९७८ मध्ये नवरा-बायको दोघांना गौरवलं. सोबती व्रुब्लेव्स्की आणि त्याच्या बायकोला १९८१ मध्ये.

प्रसाद, बी-५०१: काका, कौशल्य मान्य. पण माझा मुद्दा तसाच राहतो. ज्यांच्याकडे पैसे नव्हते त्यांना सोखा कधी भेटलाच नाही.

नीता, सी-२०३: आणि खिगेरचे पैसे संपल्यावर? तरीही तो येत राहिला, पदरचे घालून. फुकट काम करतोय हे सोबत्याला कळलं तर लाज जाईल, म्हणून स्वतःचेच पैसे गुपचूप खिगेरच्या हातात देतो, सगळ्यांसमोर मला दे म्हणून! मला सिनेमात सगळ्यात आवडलेली जागा. चांगलं वागताना पकडलं जाण्याची भीती.

प्रसाद, बी-५०१: ती जागा मस्त आहे, नाही म्हणत नाही.

मीनल, बी-२०४: शेवटी पडद्यावर ओळी आल्या तेव्हा मला रडू आलं. १९४६ च्या मे महिन्यात रशियन लष्करी ट्रक सोखाच्या मुलीच्या अंगावर येत होता, तिला वाचवताना तो गेला. आणि अंत्यविधीला कुणी तरी म्हणतं, ज्यूंना मदत केली म्हणून देवाने शिक्षा दिली.

पाटील काकू, ए-३०३: आम्ही कोल्हापूरचे. वळिवड्याला युद्धात पोलिश लोकांची छावणी होती, १९४३ ते ४८, पाच हजारांच्या आसपास माणसं. ती याच पूर्वेकडच्या भागातली का?

ऋचा, ए-४०४: बरीचशी हो काकू, पण त्यांची गोष्ट निराळी. जर्मन यायच्या आधी तो भाग रशियाने घेतला होता. तेव्हा सायबेरियाकडे हाकललेले हे लोक, बहुतेक कॅथलिक. इराणमार्गे आपल्याकडे आले.

पाटील काकू, ए-३०३: बरं. महावीर गार्डनमध्ये त्यांच्या आठवणीचा स्तंभ आहे, येता-जाता बघायचो.

सावंत (सेक्रेटरी): पुढच्या शनिवारी विनोदी लावा ही विनंती. सौ. झोपल्या नाहीत काल.

नीता, सी-२०३: माझ्या मनात पेर्लास्का होता. एकेकाळचा इटालियन फॅसिस्ट, स्पेनच्या यादवी युद्धात हुकूमशहा फ्रँकोच्या बाजूने लढलेला. १९४४ च्या हिवाळ्यात बुडापेस्टमध्ये स्वतःला स्पेनचा राजनैतिक प्रतिनिधी म्हणवून त्याने हजारो ज्यू वाचवले. त्याच्यावर २००२ ची इटालियन टीव्ही फिल्म आहे.

प्रसाद, बी-५०१: हा पैसे घेत होता का?

नीता, सी-२०३: नाही.

प्रसाद, बी-५०१: मग भांडायला काय उरलं? येतो तरी. काका, तुम्ही या पण. गटार नसलं तरी.

देशपांडे काका, सी-६०१: बुडापेस्टला पण गटारं आहेत रे 😄