मदत हवी आहे: एस्प्रेसोसाठी हँड ग्राइंडर कोणता?

मशीन आहे, पावडर भरायची साधी बास्केट आहे (प्रेशराइज्ड नाही, म्हणजे दाब दळण्यावरच अवलंबून), अडलंय ते दळण्यावर. सध्याच्या हँड ग्राइंडरवर एका क्लिकला (क्लिक म्हणजे जाड-बारीक ठरवणारा एक टप्पा) १८ ग्रॅम पावडरचा शॉट १५ सेकंदांत धो धो वाहतो. एकच क्लिक बारीक केलं की मशीन नुसतं घरघरतं आणि कपात चार थेंब. डोस अर्धा ग्रॅम कमीजास्त करणं, सुईने ढवळणं, सगळं करून झालं. बीन्स चिकमगळूरच्या, मीडियम रोस्ट, भाजून दोन आठवडे. (मिक्सर सुचवू नका, तोही प्रयोग झालाय!)

दिवसाला दोनच कप. सकाळी सहाला बाळ झोपलेलं असतं, म्हणून इलेक्ट्रिक नको. बजेट २० हजार.

दोन हँड ग्राइंडर डोक्यात आहेत: किनग्राइंडर के६मध्ये एका क्लिकमागे पात्यांमधलं अंतर १६ मायक्रॉनने बदलतं, वनझेडप्रेसो जे-अल्ट्रामध्ये ८. के६ वापरणाऱ्यांनी सांगा, १८ ग्रॅम पावडरमधून कपात ३६ ग्रॅम कॉफी, असा शॉट २५-३० सेकंदांत बसवता येतो, की तिथेही दोन क्लिकांच्या मधेच अडकायला होतं?