‘रात्री दुप्पट मासा शिजवा आणि दुपारी तोच डब्यात न्या’ हा सल्ला मला पटत नाही

सरळरेषा :
पेस्केटेरियन (मांस सोडून मासे खाणाऱ्या) मंडळींनी रात्री दुप्पट मासा शिजवावा आणि दुसऱ्या दिवशी तोच ऑफिसच्या मायक्रोवेव्हमध्ये गरम करून खावा, म्हणजे आठवड्याचा प्रश्न मिटतो, असे ‘पाणवठा’ यांनी काल आठवड्याच्या डब्यांची यादी देऊन लिहिले. त्यावरचा प्रतिसाद इतका लांबला की वेगळा धागा काढणे भाग पडले. मांस सोडले म्हणून प्रत्येक जेवणात त्याच्या जागी मासाच आला पाहिजे, हे गृहीतकच मला मान्य नाही. अमेरिकन हार्ट असोसिएशनसुद्धा आठवड्यातून दोनदा मासा सुचवते, तोही शक्यतो तेलकट. उरलेल्या दिवसांसाठी मसूर, छोले, राजमा, अंडी आणि दही असताना रोज मासा कशासाठी? दुसरे म्हणजे, एकदा नीट शिजलेला मासा पुन्हा तापवला की उरलेसुरले पाणीही सोडतो आणि चोथा होतो. शिवाय त्यातल्या तेलाला खवट वास येऊ लागतो. डब्यात मासा न्यायचाच असेल तर तो थंड खाण्याच्या बेतानेच न्यावा. रात्रीचा सामन (सॅमन) माशाचा तुकडा फ्रीजमध्ये गार करावा, सकाळी बोटांनी पाकळ्या मोकळ्या करून काटे काढावेत आणि उकडलेला बटाटा, काकडी, घट्ट दही, लिंबू व मिरपूड घालून अलगद कालवावा. त्याला मायक्रोवेव्हची गरजच पडत नाही.

पाणवठा :
आपल्याकडे संध्याकाळी मोकळा वेळ असतो असे दिसते. मी आठ वाजता घरी पोहोचते आणि साडेआठला मुले ताटावर बसतात. राजमा आदल्या रात्री आठवणीने भिजवावा लागतो. इंचभर जाडीचा माशाचा तुकडा साधारण दहा मिनिटांत होतो. आपण कोरड्या भाजलेल्या तुकड्यावरून सगळ्या माशांना नियम लावत आहात. टोमॅटोच्या किंवा नारळाच्या दाट रश्श्यातला मासा झाकण ठेवून, निम्म्या पॉवरवर, मध्ये एकदा थांबून गरम केला तर अजिबात कोरडा होत नाही. आणि थंड मासा सगळ्यांच्या घशाखाली उतरतो असे कोणी सांगितले? दिवसभर काम करणाऱ्या माणसाला दुपारी गरम अन्न लागते.

अधोरेखित :
माझा मुद्दा दोघांनीही विचारात घेतलेला नाही. ऑफिसचा मायक्रोवेव्ह सामाईक असतो. त्यात कोणी बांगडा गरम केला की पुढचा तासभर माझ्या वरणाला आणि कॉफीलाही तोच वास येतो. मी शाकाहारी आहे. कोणाच्या ताटात डोकावण्याची मला इच्छा नाही, पण माझ्या ताटापर्यंत तो वास येऊ नये एवढे मागण्याचा हक्क मला नक्कीच आहे.

चूलबंद :
असला ‘हक्क’ मी जवळून पाहिला आहे. आमच्या मजल्यावर ‘येथे मासे गरम करू नयेत’ असा कागद चिकटवला गेला. जळलेल्या पॉपकॉर्नबद्दल किंवा लसणाच्या फोडणीबद्दल एक अक्षरही नव्हते. त्या दिवसापासून मी जिन्यात बसून जेवत असे, आणि हे मी विसरलेलो नाही. आता वासाचे कारणही ऐका. समुद्री माशांच्या अंगात ट्रायमिथाइलअमाइन ऑक्साइड असते आणि त्याला स्वतःला वास नसतो. मासा मेल्यावर जिवाणू त्याचे ट्रायमिथाइलअमाइन करतात, तेव्हा तो उग्र दर्प येतो. गोड्या पाण्यातल्या माशांत हा पदार्थ मुळातच फार कमी असतो. लिंबू किंवा व्हिनेगर लावले की त्या अमाइनचा क्षार बनतो आणि तो सहजासहजी हवेत उडत नाही. म्हणजे मासा ताजा घ्या, आंबट घाला, झाकून गरम करा आणि भांडे लगेच धुवा. एवढे केल्यावरही ज्यांना त्रास होतो त्यांचा आक्षेप वासाला नसून माणसाला असतो.

अधोरेखित :
हा आरोप मला मान्य नाही आणि तो मागे घ्यावा. मला वासाने खरोखर मळमळते. झाकून गरम केल्याने वास कमी होतो हे मी मान्य करते. नाहीसा होतो हे मान्य करणार नाही. आपल्याला जिन्यात बसावे लागले हे वाईटच झाले, पण तो कागद मी लावलेला नव्हता.

दुपारची पाळी :
वासावर इतके लिहिले गेले, पण डबा सकाळपासून दुपारपर्यंत कुठे असतो हे कोणीच विचारले नाही. मी रात्री टिनमधला ट्यूना मेयोनीजमध्ये कालवून ठेवला आणि दुसऱ्या दिवशी तो डबा सकाळपासून टेबलावरच राहिला, कारण आमचा फ्रीज बंद होता. पहिल्याच घासाला जिभेला मिरीसारखी चुणचुण जाणवली, चवीला मात्र काही वावगे वाटले नाही. थोड्याच वेळात चेहरा लालबुंद झाला, डोके ठणकू लागले आणि छाती धडधडू लागली. डॉक्टरांना आधी माशाची ॲलर्जी वाटली. ती हिस्टामिनची विषबाधा होती. ट्यूना, बांगडा, तारली अशा माशांत हिस्टिडिन नावाचे अमिनो आम्ल भरपूर असते, त्यातून जिवाणू हिस्टामिन तयार करतात, आणि एकदा तयार झालेले हिस्टामिन कितीही गरम केले तरी जात नाही. त्यामुळे ‘थंड की गरम’ हा वाद मला दुय्यम वाटतो. शिजवलेला मासा दोन तासांहून अधिक बाहेर राहता कामा नये. ऑफिसात फ्रीज नसेल तर डब्याबरोबर बर्फाची पिशवी हवी, किंवा त्या दिवशी छोले न्यावेत.

पाणवठा :
फ्रीजचा मुद्दा मी लिहायला हवा होता असे आपण म्हणाल, तर माझ्या ऑफिसात फ्रीज आहे आणि मी ते गृहीत धरले होते. इतरांसाठी ती अट जोडायला माझी हरकत नाही. पण सरळरेषा, आपल्या त्या दही-बटाट्याच्या डब्यालाही ती तितकीच लागू होते.

सरळरेषा :
होते, आणि रश्श्यातला मासा निम्म्या पॉवरवर बरा राहतो हेही, मनाविरुद्ध का होईना, मान्य करतो. मात्र कालच्या यादीत आपण पाचही दिवस डब्यात ट्यूना दिला आहे, त्यावर आपण अजून काहीच बोललेला नाहीत. मोठ्या शिकारी माशांत पारा साठत जातो. टिनमधल्या अल्बाकोर ट्यूनात तो स्किपजॅक या लहान जातीच्या ट्यूनापेक्षा जास्त असतो, तर तारली आणि सामनमध्ये फार कमी. अमेरिकेचे अन्न व औषध प्रशासन गर्भवती स्त्रियांना अल्बाकोर आठवड्यातून एकदाच खायला सांगते, आणि त्या आठवड्यात दुसरा मासा नको म्हणते. हा धागा वाचणाऱ्यांत अशा स्त्रियाही असतील. सोमवारी आणि गुरुवारी तारली, मध्ये मसूर आणि अंडी, अशी यादी करायला आपली हरकत काय आहे, ते स्पष्ट लिहा.

पाणवठा :
हरकत एवढीच की माझ्या घरी तारलीला कोणी हात लावत नाही. सामन चालत असेल तर उद्या नवी यादी टाकते. मसूर एकच दिवस राहील.