कवळी वापरणाऱ्यांचं काय?

'दात जाणं आणि तोल जाणं, दोन्ही म्हातारपणाचीच लक्षणं' एवढंच, त्यांचा एकमेकांशी संबंध नाही, असं काहीजण म्हणतात; ते मला अर्धंच पटतं. जपानमधल्या आयची इथल्या ६५ वर्षांवरील लोकांचा एक अभ्यास २०१२ मध्ये आला होता. वय वगैरे हिशेबात धरूनही, १९ किंवा कमी दात असून कवळी न लावणाऱ्यांत वारंवार पडण्याची शक्यता २० किंवा जास्त दात असलेल्यांच्या सुमारे अडीचपट निघाली. कवळी लावणाऱ्यांत मात्र तेवढा ठळक फरक नव्हता! एवढ्याने कार्यकारण सिद्ध होत नाही, पण सगळं वयावर ढकलताही येत नाही.

आमच्या सासूबाईंची कवळी सैल झाल्यापासून डबीतच असायची. भाकरी, उसळ बंद, नुसता वरणभात. घरात कोणी असं करत असेल तर कारण नक्की विचारा. सैल कवळीला दंतवैद्य आतून नवा थर देऊन घट्ट बसवून देतात.