अनुभव धागा: राखलेल्या जुन्या रानात गेलात तेव्हा

पौड रस्ता (धागा सुरू करताना)

गेल्या रविवारी मुळशीतल्या एका देवराईत जाऊन आले आणि तेव्हापासून मन तिथंच आहे. बाहेर माळ तापलेला. राईत पाऊल टाकलं आणि मानेवरचा घाम गार झाला. अंजनीची दाट झाडं, त्यांच्या वर पारजांभूळ, आणि या सगळ्यांना कवेत घेऊन चढलेली मांडीएवढ्या जाडीची गारंबीची वेल. तिथं ना कुंपण, ना चौकीदार. देवाचं रान म्हणून पिढ्यान्‌पिढ्या कुणी त्यात कुऱ्हाड घातली नाही, एवढ्यावर ते उभं आहे. परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. वर्तक यांनी १९७०च्या दशकात पश्चिम महाराष्ट्रातल्या अशा राया पालथ्या घातल्या आणि त्यांच्याकडे अभ्यासकांचं लक्ष वेधलं. पुण्याच्या इतक्या जवळ राहून मला मात्र त्या आता कळतायत.

देवराई असो की भीमाशंकरचं अभयारण्य, तुम्ही अशा रानात गेला असाल तर लिहा. फक्त लहान रायांची नेमकी जागा सांगू नका. दोन-तीन एकरांच्या रानाला शनिवार-रविवारची गर्दी सोसत नाही.

पिरंगुट

मी त्याच तालुक्यातला. आमच्या गावाला राई आहे. मी सहावीत असताना पावसाळ्यात तिच्यातला एक जुना आंबा उन्मळून पडला. रात्री झालेला तो आवाज गावभर ऐकू गेला. त्या वर्षी पावसाची झड लागून राहिली होती, सरपण ओलं, चुली धुमसत होत्या. चुलते म्हणाले, दोन फांद्या आणू, पडलेलंच तर आहे. आज्ज्यानं मान वर केली नाही. ''देवाचं हाय ते. त्याचं त्यो बघंल.''

पण देवळाचा एक वासा कुजला होता. त्यापुरतं तरी लाकूड घ्यावं का, म्हणून गाव बसलं. कौल लावला. देवाच्या पाषाणाला दोन्ही अंगांना कळ्या चिकटवतात. आमच्याकडे उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. बराच वेळ काहीच पडेना. सगळे पावसात घोंगड्या, इरली घेऊन उभे, कुणी बोलत नव्हतं. मग डावी पडली. वर्गणी काढून वासा बाजारातून आणला आणि आंबा जिथं पडला तिथंच राहिला.

कंपनीतले मित्र विचारतात, तुम्ही लोक देवाला घाबरता म्हणून झाडं वाचली ना? हो, घाबरतो. पण राईच्या खालच्या अंगाला एक झरा आहे, तो मे महिन्यातही आटत नाही, आणि आमची खाचरं त्याच्या खाली आहेत. आज्ज्याला हे पक्कं ठाऊक होतं. त्याच्या भीतीत ते पाणीही होतं.

सहकारनगर

मी वनस्पतिशास्त्र शिकवायचे. मुलींना घेऊन दरवर्षी एका राईत जायचे. सह्याद्रीच्या या पट्ट्यातली डोंगरच्या डोंगर लाकडी कोळशासाठी उघडे झाले. बाहेर दिवसभर फिरून जे झाड सापडत नाही ते राईत देवळामागे निवांत उभं असतं. राईत एकच बघा: सर्वांत उंच झाडाखाली त्याचीच लहान रोपं आहेत का. असली तर राई जिवंत आहे. नुसतीच म्हातारी झाडं उरली असतील तर काळजी करा.

चिंचवड

भीमाशंकर. मंदिराची गर्दी मागे टाकून वनखात्याच्या वाटेनं चालत होतो. मुलगी आठ वर्षांची, तिला शेकरू बघायचं होतं. आधी आवाज आला, खडखड वाजणारा. मग दिसलं: तांबडी पाठ, फिकट पोट, अंगाहून लांब शेपूट. मागच्या पायांनी फांदी धरून उलटं लटकलं होतं आणि पुढच्या दोन पंजांत फळ धरून खात होतं. पंधरा मिनिटं आम्ही हललो नाही. मुलगी पुटपुटत, बोटांवर घरटी मोजत होती. एकच शेकरू काटक्या-पानांची अशी बरीच घरटी बांधतं.

हे अभयारण्य १९८५ सालचं, सुमारे १३१ चौरस किलोमीटरचं, आणि शेकरू हे त्याचं वैभव. शेकरू जमिनीवर क्वचितच उतरतं, एका झाडावरून दुसऱ्यावर झेपावतं. म्हणजे फांदीला फांदी लागलेली हवी. रस्त्याकडेची चार झाडं गेली की त्याच्यासाठी रस्ताच तुटतो. घाटात गाडी चालवताना आता मी आधी वर बघतो, दोन्ही बाजूंच्या फांद्या जुळतायत की नाही ते.

हडपसर

मीही भीमाशंकरचाच. भर पावसाळ्यात, रीतसर परवानगी काढून, गावातल्या वाटाड्याबरोबर रात्री गेलो होतो. त्यानं सगळ्यांना विजेऱ्या बंद करायला लावल्या. काहीच दिसेना. डोळे सरावायला दहा मिनिटं गेली, आणि मग पायाजवळची एक कुजकी फांदी हिरवट उजळलेली दिसली. मग पुढची. मग सगळा उतार. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीचा तो उजेड. तेवढ्यात आमच्यातल्या एकाचा मोबाईल उजळला आणि सगळं पुन्हा काळं झालं, परत दहा मिनिटं. पिरंगुटकर, तुमच्या आज्ज्यानं ती फांदी चुलीत जाऊ दिली नाही, हे वाचलं आणि मला तो उजेड आठवला.

वारजे

मला सुखाचं लिहिता येणार नाही. माझ्या आजोळच्या राईत दगडी चौथऱ्यावर शेंदूर लावलेला देव होता, वर छप्परसुद्धा नव्हतं. दहा वर्षांपूर्वी जीर्णोद्धार निघाला. आता काँक्रीटचं देऊळ आहे, भोवती फरशी, मांडवासाठी सपाट केलेली जागा, गाड्या लावायला मुरूम टाकलेला मैदानासारखा तुकडा. खर्चासाठी झाडंच विकली. माणसं वाईट नाहीत, भक्तीनंच केलं. मी तेव्हा बैठकीला होते आणि गप्प बसले, ते मला अजून खुपतं. उन्हाळ्यात आता त्या फरशीवर अनवाणी उभं राहवत नाही. लहानपणी आम्ही तिथं अनवाणीच जायचो, पायाखाली ओला पालापाचोळा असायचा.

कोथरूड

गारंबीचं वर आलं म्हणून. तिची शेंग हातभर लांब, आणि बी तपकिरी, गुळगुळीत, पेढ्याएवढी. माझ्या मुलानं एक खिशात घातली. राईच्या तोंडाशी एक आजी गवताचा भारा टेकवून बसल्या होत्या. त्यांनी खिसा बघितला असावा. ''बाळा, हितलं काय बी घरी न्यायचं नसतं,'' एवढंच म्हणाल्या. रागावल्या नाहीत. आम्हाला वाटलं, एका बीनं काय होतंय. घरी आणली. वर्षभर ती टीव्हीजवळ वाटीत होती. गेल्या जूनमध्ये मुलगाच म्हणाला, परत ठेवून येऊ. गेलो. त्यानं ती वेलीखाली ठेवली नाही, बोटानं खळगा करून पुरली.

पिरंगुट

कोथरूडकर, बरं केलंत.

काल गावाला गेलो होतो. तुम्हा सगळ्यांचं वाचून आज्ज्याच्या आंब्याकडे मुद्दाम गेलो. आता खोड म्हणावं असं उरलं नाही, एक लांबट उंचवटा आहे, शेवाळानं मऊ झालेला. बोट दाबलं तर पेरभर आत जातं. त्याच्यावर ओळीनं सात रोपं उभी आहेत. दोन जांभळाची मी ओळखली. आईला बोलावून दाखवली तर तिनं एक बेहडा सांगितला, बाकीची तिलाही पटकन ओळखेनात. सहकारनगरच्या बाई, पानांचे फोटो काढलेत, सांगाल का? आंबा पडला तेव्हा वर आभाळाचा मोठा तुकडा उघडा पडला होता. आता हाताच्या ओंजळीएवढाच दिसतो. झऱ्याला पाणी होतं.