रेक-इट राल्फ : टर्बो खरोखरच संपला का?

प्रश्न : रातकिडा

डिस्नेच्या 'रेक-इट राल्फ' (२०१२) या चित्रपटात आर्केडमधील, म्हणजे नाणे टाकून खेळायच्या व्हिडिओ गेमच्या दुकानातील, पात्रे जिवंत असतात आणि एकमेकांच्या गेममध्ये ये-जा करतात. राल्फ आणि फिलिक्स हे एका गेमचे खलनायक आणि नायक; व्हेनेलोपी ही 'शुगर रश' या शर्यतीच्या गेममधली मुलगी आणि किंग कँडी तिथला राजा. या पात्रांविषयी चाहत्यांनी अनेक तर्क मांडले आहेत. किंग कँडी हा व्हेनेलोपीचा बाप असावा, किंवा फिलिक्सच्या नावात 'ज्युनिअर' आहे त्याअर्थी त्याच्या वडिलांचाही एखादा गेम मालक लिटवाक यांच्या आर्केडमध्ये असून गेला असावा, असे तर्क वाचायला मौज वाटते; पण त्यांना चित्रपटात फारसा आधार सापडत नाही. माझा प्रश्न मात्र चित्रपटाने स्वतःच घालून दिलेल्या नियमांतून निघतो.

सॉनिक या गेमपात्राच्या तोंडून आपल्याला सुरुवातीलाच बजावले जाते की, स्वतःच्या गेमबाहेर जो मरतो, तो पुन्हा कधीच जिवंत होत नाही. शेवटी व्हेनेलोपी अंतिम रेषा ओलांडते तेव्हा 'शुगर रश' हा गेम मूळ स्थितीला येतो आणि साय-बग्जनी ('हीरोज ड्यूटी' या दुसऱ्या गेममधून शिरलेल्या खादाड किड्यांनी) उद्ध्वस्त केलेले सर्व काही पूर्ववत होते. टर्बो हा 'टर्बोटाइम' या जुन्या शर्यतीच्या गेमचा नायक; त्याने तर या गेमच्या कोडमध्येच हात घालून किंग कँडीचे रूप घेतले होते आणि पंधरा वर्षे तो तिथला राजा म्हणून वावरत होता. शेवटी त्याला एक साय-बग गिळतो आणि दोघे मिळून बनलेला प्राणी जळून जातो. असे असेल तर 'शुगर रश' हा त्याचा स्वतःचा गेम ठरतो की नाही? ठरत असेल तर रेषा ओलांडली जाताच तोही परत यायला हवा होता. जाणकारांनी चित्रपटातील प्रसंगांच्या आधारे मत द्यावे, ही विनंती.

प्रतिसाद १ : नाणेफेक

माझ्या मते तो संपला, आणि त्याचे कारण आपल्या प्रश्नातच दडलेले आहे. गेम मूळ स्थितीला येणे म्हणजे टर्बोने केलेली ढवळाढवळ पुसली जाणे. राजाचा सेवक सावर बिल राल्फसमोर कबूल करतो की, किंग कँडीने व्हेनेलोपीचा कोड काढून टाकण्याचा प्रयत्न केला आणि सर्वांच्या आठवणी कुलूपबंद केल्या. रेषा ओलांडताच त्या आठवणी परत येतात. टॅफिटा आणि इतर स्पर्धक लगोलग व्हेनेलोपीची क्षमा मागू लागतात. टर्बोने लावलेले कुलूप जर असे आपोआप निघत असेल, तर त्याने चढवलेले राजाचे सोंग तरी का टिकावे? गेमच्या कॅबिनेटच्या बाजूवर व्हेनेलोपीचे चित्र आहे, तेव्हा मूळ गेमची नायिका कोण हे स्पष्टच आहे. टर्बो तिथला उपरा होता आणि उपराच राहिला.

प्रतिसाद २ : सावरीची उशी

वरील मताशी मी पूर्णपणे सहमत नाही. गेम मूळ स्थितीला आल्याने टर्बोची सगळी करणी पुसली गेली असेल, तर व्हेनेलोपीचा ग्लिच (बिघाडामुळे थरथरत लुप्त होऊन दुसरीकडे प्रकट होणे) का शिल्लक राहिला? तिचा कोड तोडल्यामुळेच ती ग्लिच झाली होती, असे मानायला चित्रपटात पुरेपूर जागा आहे. तरीही रेषा ओलांडल्यानंतर ती हवे तेव्हा लुप्त होऊन पुढे प्रकट होऊ शकते आणि ही शक्ती आपण सोडणार नाही, असे ती आवर्जून सांगते. मात्र पूर्वी तिला गेमबाहेर पाऊल टाकता येत नव्हते, तर २०१८ च्या उत्तरभागात ती राल्फबरोबर बाहेर सहज हिंडताना दिसते. यावरून मला असे वाटते की, अंतिम रेषा तुटलेले जोडते, पण नंतर शिरलेले सर्वच पुसून टाकते असे नाही. मग टर्बोचा कोड पुसला गेला, हे आपण कशाच्या बळावर म्हणायचे?

उत्तरभागातील आणखी एक गोष्ट इथे महत्त्वाची आहे. व्हेनेलोपी 'स्लॉटर रेस' या गेममध्ये राहायला जाते तेव्हा तिथली शर्यतपटू शँक राल्फला धीर देते की, व्हेनेलोपीचा कोड आपण आपल्या गेममध्ये घातला आहे, त्यामुळे तिला काही झाले तरी ती पुन्हा जिवंत होईल. म्हणजे परक्या गेममध्ये कोड रीतसर जोडता येतो आणि जोडला की सॉनिकचा नियम लागू होत नाही. टर्बोने पंधरा वर्षांत एवढे केले नसेल, हे मला पटत नाही.

प्रतिसाद ३ : जुना जॉयस्टिक

कोड 'जोडला' होता की वरवर 'पांघरला' होता, हाच मुख्य मुद्दा आहे, आणि त्याचे उत्तर बोगद्यातील प्रसंगात मिळते. किंग कँडी व्हेनेलोपीच्या गाडीवर धडकतो, तिचा ग्लिच त्याला स्पर्श करतो आणि त्याचे रूप थरथरू लागते. राजाच्या चेहऱ्याखालून पांढरे हेल्मेट, त्यावरचा लाल पट्टा आणि टर्बोचा फिकट राखाडी चेहरा क्षणभर दिसतो, मग पुन्हा राजा. हे पाहणारा राल्फ अवाक होतो. जो कोड गेममध्ये मुरलेला असतो तो असा उघडा पडत नाही. शँकने व्हेनेलोपीचा कोड गेमच्या पात्रांच्या संमतीने घातला; टर्बोने चोरून मुखवटा चढवला. या दोन्ही गोष्टी एका मापाने मोजणे मला योग्य वाटत नाही.

शिवाय शेवटी जळाले ते काय, हेही पाहावे. साय-बग जे खातो तेच बनतो, हे 'हीरोज ड्यूटी'ची सार्जंट कॅलहून सांगते. टर्बोला गिळणारा साय-बग 'हीरोज ड्यूटी'मधला होता, अर्थात तोही स्वतःच्या गेमबाहेरच होता. डाएट कोला या पर्वतातून उसळलेल्या झळाळत्या फवाऱ्याकडे तो इच्छा नसताना ओढला गेला, कारण प्रकाशाकडे धावणे हा साय-बगचा स्वभाव आहे. त्या क्षणी टर्बोवर साय-बगचीच हुकूमत होती. असे दुहेरी उपरे पात्र कोणत्याही नियमाने परत येऊ शकत नाही.

प्रतिसाद ४ : रातकिडा

सर्वांचे मनःपूर्वक आभार. बोगद्यातील प्रसंगाचा पुरावा मला सर्वांत सबळ वाटतो. तरीही ग्लिच का उरला, या सावरीची उशी यांच्या मुद्द्याचे उत्तर त्यातून मिळत नाही.

याला लागूनच एक उपप्रश्न आहे. 'रोडब्लास्टर्स' हा खराखुरा गेम १९८७ चा आणि 'शुगर रश' १९९७ चा. टर्बो स्वतःचा गेम सोडून 'रोडब्लास्टर्स'मध्ये घुसला होता. फिलिक्स तर कॅलहूनला सांगतो की, टर्बोने दोन्ही गेम बंद पाडले आणि तोही त्यांच्याबरोबर कायमचा संपला. मग मधल्या काळात टर्बो होता कुठे?

प्रतिसाद ५ : नाणेफेक

फिलिक्स ऐकीव गोष्ट सांगत होता, कारण आर्केडमधील सर्वांचा तसाच समज होता. गेम बिघडला की लिटवाक आधी त्यावर 'बंद' असा कागद चिकटवतात आणि प्लग नंतर काढतात. मधल्या वेळात पात्रे तारेतून निसटून, सर्व गेमच्या तारा जिथे जोडल्या जातात त्या मध्यवर्ती स्थानकात येऊ शकतात. क्यूबर्ट आणि त्याचे सोबती असेच गेम गमावून स्थानकात भीक मागत बसलेले आपण पाहतो. टर्बोही तसाच निसटला असणार. क्यूबर्टला मात्र राल्फ येता-जाता ओळखतो आणि आपल्याकडची चेरी देतो, तर ज्याने दोन गेम बुडवले त्या टर्बोला स्थानकात उघडपणे बसणे शक्यच नव्हते. त्यामुळे नवा, आणि तोही शर्यतीचाच, गेम येईपर्यंत तो कुठेतरी लपून राहिला असावा, असा माझा कयास आहे.